बंद पडलेला मराठी फॉन्ट कन्व्हर्टर एआय असिस्टंट वापरून पुन्हा चालू करणे – सुरुवात कुठून करायची?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खिळेजुळणी

एका सार्वजनिक ग्रंथालयाकडे १९९८ ते २०११ या काळातल्या दिवाळी अंकांच्या आणि तालुक्यातल्या साप्ताहिकांच्या मूळ फायली आहेत. निम्म्या वर्डच्या, बाकी पेजमेकरच्या, थोड्या नुसत्या टेक्स्ट. मजकूर डीव्हीबी-टीटी योगेश, डीव्हीबी-टीटी सुरेख आणि श्रीलिपी या फॉन्टांत आहे. म्हणजे युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) नाही. फॉन्ट काढला की पानभर नुसती चिन्हं दिसतात. हे सगळं युनिकोडमध्ये आणून त्यात शब्द शोधता यावा, एवढंच उद्दिष्ट आहे.

एक मुक्तस्रोत कन्व्हर्टर मिळाला आहे. पायथन २.७मध्ये लिहिलेला, खिडकी पायजीटीकेची (खिडक्या-बटणं बनवायची जुनी लायब्ररी), शेवटचा बदल २०१०चा. पूर्वी गूगल कोडवर होता, आता फक्त झिप आहे. लायसन जीपीएल (बदललेला कोडही मुक्त ठेवायची अट असलेला परवाना) आवृत्ती २ किंवा त्यानंतरची. कोड साधारण ३,००० ओळी, प्रत्येक फॉन्टचा तक्ता (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर) वेगळ्या फाइलमध्ये. मूळ लेखकाच्या पत्त्यावर केलेली मेल परत येते.

क्लॉड कोड या कोड लिहिणाऱ्या एआय असिस्टंटला सगळा फोल्डर देऊन ‘हे पायथन ३वर आण’ असं सांगितलं की प्रोग्राम चालू होतो, कुठेही एरर येत नाही. पण निघालेल्या मजकुरात ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं, ‘गाणी’चं ‘गणी’ होतं, ‘ईर्ष्या’चं ‘ईष्र्या’ होतं आणि काही ठिकाणी अक्षर गायबच असतं. मूळ कन्व्हर्टरमध्येच हे दोष होते की पोर्ट करताना (नव्या पायथनवर आणताना) आले, हेही कळत नाही.

विचारायचं आहे ते असं: कामाचा क्रम काय ठेवावा, असिस्टंटच्या हातात काय द्यावं आणि काय देऊ नये, जुनी खिडकी पोर्ट करण्यात अर्थ आहे का, आणि लायसनचं काय?

काळी खिडकी

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. दोष जुना की नवा हे सांगता येत नसेल तर पोर्टिंग सुरू करायची वेळ अजून आलेली नाही. आधी जुना प्रोग्राम जुन्याच पायथनवर, एक अक्षरही न बदलता चालवा.

पायजीटीकेसकट चालवायचा तर डेबियन १० या जुन्या लिनक्सचा कंटेनर (मशीनमध्येच वेगळी चालणारी बंदिस्त प्रणाली) घ्या. त्यानंतरच्या डेबियनमध्ये पायजीटीके नाही. डेबियन १० आता आर्काइव्हमध्ये गेलं आहे, म्हणून नेहमीच्या सर्व्हरवरून पॅकेज आणायला गेलात तर ४०४ मिळेल. सोर्सच्या यादीत आर्काइव्हचा पत्ता घाला आणि मुदत तपासणं बंद करा. खिडकीची गरज नसेल आणि कन्व्हर्जनचं मॉड्यूल एकटं चालत असेल, तर डॉकरवरची पायथन २.७ची अधिकृत प्रतिमा पुरते. त्यातली २.७.१८ ही पायथन २ची शेवटची आवृत्ती, एप्रिल २०२०ची.

आता नमुने. प्रत्येक फॉन्टच्या किमान पंधरा-वीस फायली जुन्या प्रोग्राममधून काढा आणि इनपुट-आउटपुटच्या जोड्या गोठवून ठेवा. हे आउटपुट बरोबर आहे असं कोणी म्हणत नाही. ते ‘जुना प्रोग्राम असं वागत होता’ याचा पुरावा आहे. पोर्ट पुरा झाला याचा अर्थ एकच: पायथन ३वरचं आउटपुट बाइटला बाइट याच्याशी जुळलं. दुरुस्त्या त्यानंतर, वेगळ्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात). ‘दर्या’ पोर्टमध्ये आलं की आधीपासून होतं, हा वाद तिथे एका मिनिटात मिटतो.

२०२५मध्ये क्यूआयसी-८० या जुन्या बॅकअप टेपचा एफटेप हा लिनक्स ड्रायव्हर क्लॉड कोडच्या मदतीने नव्या कर्नलवर आणला गेला. कर्नल २.६.२०च्या सुमारास तो काढून टाकलेला होता. तिथेही जमलं ते जुन्या सेंटओएसवर मूळ ड्रायव्हर चालत होता आणि त्याचे लॉग नव्या लॉगशेजारी ठेवता येत होते म्हणून. चालता नमुना शेजारी नसेल तर असिस्टंट अंदाजाने लिहितो, आणि तो अंदाज वाचायला पटणारा असतो. धोका तोच आहे.

असिस्टंटला हात लावू देण्यापूर्वी या गोष्टी करा:

झिप जशी आहे तशी पहिली कमिट. गिटला सांगा की तक्ते आणि नमुने बायनरी आहेत, नाहीतर विंडोजवर ओळींची टोकं बदलतील.

तक्त्यांच्या फायली बहुधा यूटीएफ-८ नसतात, १२८च्या वरचे बाइट त्यात उघडे पडलेले असतात. असिस्टंटचं फाइल बदलण्याचं साधन अशी फाइल यूटीएफ-८ समजून वाचतं आणि परत लिहितं. न कळलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी युनिकोडमधलं ‘�’ हे चिन्ह बसतं. तुम्ही फक्त ओळ ४० बदलायला सांगितलेली असते आणि ओळ २१२ मेलेली असते. अक्षरं गायब होण्याचं पहिलं संशयित कारण हेच. उपाय: दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून तक्ता शुद्ध आस्कीमध्ये आणा. पहिल्या रकान्यात फॉन्टमधला बाइट हेक्समध्ये, दुसऱ्यात युनिकोड अंक (अक्षराचा क्रमांक) हेक्समध्ये, तिसऱ्यात टीप. मग त्यावरून मूळ फाइल परत तयार करा आणि दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा) जुळतो का पाहा. जुळला तरच पुढे.

मग पोर्ट. जुना कोड आधी पायथन २.७वरच ‘-३’ हा पर्याय देऊन चालवा. पुढे काय अडेल त्याचे इशारे मिळतात. ठोकळेबाज बदल टू-टू-थ्री (पायथन २चा कोड ३मध्ये बदलणारं) या साधनाला करू द्या, पण पायथन ३.१३मधून ते काढून टाकलं आहे, तेव्हा ३.१२ किंवा आधीचं वापरा. ती एक स्वतंत्र कमिट. उरलेलं एकेका मॉड्यूलनिशी असिस्टंटला द्या, आणि पायथन ३ ‘-बीबी’ लावून चालवा. बाइट आणि स्ट्रिंग यांची तुलना पायथन ३मध्ये गुपचूप ‘नाही’ म्हणते. हा पर्याय लावला की ती थेट एरर होते. फॉन्ट कन्व्हर्टरमध्ये अशा तुलना ढिगाने असतात.

या प्रकारच्या कोडमध्ये हमखास सापडणारी एक जागा म्हणजे डिक्शनरीवर (‘हे आलं तर ते’ अशा जोड्यांच्या संचावर) लूप फिरवून एकामागून एक रिप्लेस करणं. पायथन २मध्ये डिक्शनरीचा क्रम कसाही असला तरी त्याच मशीनवर दर वेळी तोच यायचा, त्यामुळे आउटपुट स्थिर दिसायचं. पायथन ३.७पासून क्रम ज्या क्रमाने नोंदी घातल्या तो. तीन बाइटांची जोडणी आणि तिच्यातलाच एक बाइट, यांत आधी कोण बदललं जातं त्यावर निकाल ठरतो. डिक्शनरीतल्या किल्ल्या (की, म्हणजे शोधायचे बाइट) लांबीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि मग नमुन्यांशी फरक काढा. जे फरक उरतील ते हाताने पाहावे लागतील. तिथे जुन्या प्रोग्रामचीच चूक असू शकते.

असिस्टंटच्या नियमांच्या फाइलमध्ये पुढचं लिहा: नमुने आणि तक्ते बदलायचे नाहीत, टेस्ट पडली तर टेस्ट बदलायची नाही, डिकोड करताना ‘इग्नोर’ किंवा ‘रिप्लेस’ वापरायचं नाही, नवी लायब्ररी घालायची नाही, न विचारता स्वच्छता करायची नाही. पण नुसतं लिहून भागत नाही. ते दोन फोल्डर कंटेनरमध्ये फक्त-वाचनीय करून जोडा आणि प्रत्येक कमिटला त्यांचे हॅश तपासा. लांबलेल्या सत्रात सूचना मागे पडतात, परवानगीच नसेल तर प्रश्न येत नाही. ‘इग्नोर’ तर रिपॉझिटरीभर शोधून काढाच. टेस्ट हिरवी करायचा तो सर्वांत जवळचा रस्ता आहे आणि असिस्टंट तो फार लवकर शोधतो.

रफार

वरच्या क्रमाला पूर्ण अनुमोदन. मराठीपुरतं सांगतो, कारण तुम्ही दिलेल्या तीन चुका तीन वेगळ्या कारणांनी होतात.

‘गाणी’चं ‘गणी’: या फॉन्टांत ‘ग’ हा एक बाइट नसतो. अर्धा ग् आणि काना मिळून ‘ग’ होतो. म्हणून ‘गाणी’ फाइलमध्ये अशी असते: ग्, काना, काना, ण्, काना, दीर्घ वेलांटी. सलग दोन काने दिसले की असिस्टंटला ती टंकनचूक वाटते आणि तो ‘लागोपाठ आलेल्या मात्रा काढा’ अशी एक ओळ घालतो. हिंदी-मराठी स्वच्छ करणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्टांत ही ओळ असतेच, तिथून ती सवय येते. ही ओळ सापडली की काढा. अर्धं व्यंजन अधिक काना बरोबर पूर्ण व्यंजन, हे जोडकाम सगळ्यांत आधी झालं पाहिजे.

‘दऱ्या’चं ‘दर्या’: २०१०च्या आसपासच्या तक्त्यांत चंद्रकोरीसारखा दिसणारा अर्धा र बहुधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक, म्हणजे यू+२००डी, असा लिहिलेला असतो. हा जोडक डोळ्यांना दिसत नाही. ‘अदृश्य अक्षरं काढून टाका’ ही दुसरी आवडती स्वच्छता. जोडक गेला की उरतं र अधिक हलन्त, आणि त्याचा पुढच्या व्यंजनावर रफार होतो. पोर्टमध्ये जोडक तसाच राहू द्या, नमुन्यांशी जुळू द्या. मग स्वतंत्र कमिटमध्ये त्या तीन अंकांच्या जागी ऱ अधिक हलन्त, म्हणजे यू+०९३१ आणि यू+०९४डी, आणा. दोन्ही रूपं पडद्यावर सारखी दिसतात पण शोधात वेगळी ठरतात, आणि तुमचं सगळं काम शोधासाठीच आहे. बाकी ठिकाणचे जोडक मात्र सरसकट काढू नका.

इथेच नॉर्मलायझेशनचा, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी युनिकोड रूपं एकसारखी करण्याचा, धोका. त्याचे एनएफसी, एनएफडी असे प्रकार आहेत. एनएफसी चालेल, ऱ शाबूत राहतो. एनएफडी किंवा एनएफकेडी केलं की ऱचा र अधिक नुक्ता होतो, आणि नंतर कोणी ‘मराठीत नुक्ता नसतो’ म्हणून तो उडवला की ऱ संपला.

‘ईर्ष्या’चं ‘ईष्र्या’: फॉन्टमध्ये रफार अक्षर संपल्यावर येतो. ई, ष्, य, काना, मग रफार. युनिकोडमध्ये तो र् होऊन पूर्ण जोडाक्षराच्या आधी, म्हणजे ष्च्याही आधी जायला हवा. घाईत लिहिलेलं रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायचा साचा) एकच व्यंजन मागे जातं आणि यच्या आधी थांबतं. आंतरजालावर रूपांतरित केलेल्या जुन्या पानांवर ‘ईष्र्या’ जागोजागी दिसतं ते याचमुळे. त्यामुळे हा दोष मूळ कन्व्हर्टरमध्येच असण्याची शक्यता जास्त.

असिस्टंटला ‘देवनागरीचा क्रम दुरुस्त कर’ एवढंच सांगू नका. टप्पे तुम्ही द्या, कोड त्याला लिहू द्या:

पहिला टप्पा, बाइटांचे तुकडे नावांत बदलायचे: ‘अर्धा-ग’, ‘काना’, ‘ऱ्हस्व-वेलांटी’, ‘रफार’. एकाच मात्रेची तीन-चार रूपं असतात, रुंद वेलांटी, अरुंद वेलांटी. सगळ्यांना एकच नाव. रफार आणि अनुस्वार मिळून एक चिन्ह असेल तर इथेच त्याचे दोन तुकडे करा, नाहीतर ‘सर्वांनी’ फसतं.

दुसरा, अर्धं अधिक काना यांचं पूर्ण व्यंजन. मग अ अधिक काना यांचा आ, काना अधिक मात्रा यांचा ओकार.

तिसरा, ऱ्हस्व वेलांटी पुढे न्यायची: सगळी अर्धी व्यंजनं ओलांडून पहिल्या पूर्ण व्यंजनानंतर, आणि त्या व्यंजनाला खाली रकार चिकटला असेल तर त्याच्याही नंतर. ‘स्थिती’ बरोबर येतं आणि ‘प्रिय’, ‘क्रिया’, ‘त्रिकोण’ चुकतात, असं दिसलं तर रकार राहिला आहे.

चौथा, रफार मागे न्यायचा: अनुस्वार आणि मात्रा ओलांडून जोडाक्षराच्या सुरुवातीला. वेलांटी आधी हलवायची, रफार नंतर. उलट केलं की ‘आर्थिक’ मोडू शकतं.

अक्षर हे एकक धरून लिहायला सांगा. पन्नास रिप्लेसच्या साखळीवर उभारलेलं काम पुढे कोणालाच दुरुस्त करता येत नाही, असिस्टंटलाही नाही.

टेस्टसाठी शब्दांच्या जोड्या: दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. शिवाय तऱ्हा, कुऱ्हाड, दुसऱ्या, ईर्ष्या, मर्त्य, मूर्ती, आर्थिक, सर्वांनी, स्थिती, प्रिय, गाणी, शाळा, ज्ञानेश्वर, ॲसिड. शेवटचा मुद्दाम दिला आहे. ॲ, म्हणजे यू+०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आवृत्ती ५.१मध्ये आला. त्याआधीची सवय अ अधिक ॅ किंवा हिंदीतला ऍ अशी होती, आणि तुमच्या तक्त्यात यातलं काहीही असू शकतं. एकच रूप ठरवा.

सगळ्यांत महत्त्वाचं: टेस्टमधला अपेक्षित मजकूर असिस्टंटकडून लिहून घेऊ नका. तो तक्ता पाहून लिहीत नाही, भाषा येते म्हणून लिहितो. त्यामुळे अपेक्षित शब्द शुद्ध असतो पण इनपुटचे बाइट त्याने जुळवून बनवलेले असतात. असे बाइट कुठल्याही खऱ्या फाइलमध्ये सापडत नाहीत. बाइट खऱ्या फाइलमधून घ्या, शब्द छापील अंकातून.

सदाफुली

खिडकीबद्दल: पोर्ट करू नका. पायजीटीके ते जीटीके ३ हे ३,००० ओळींतलं सर्वांत रटाळ आणि सर्वांत निरुपयोगी काम. ग्लेडची (खिडकीचा आराखडा काढायच्या साधनाची) फाइल जुन्या पद्धतीची असेल, ती जीटीकेबिल्डरच्या नव्या रचनेत आणावी लागेल, आणि हाती येईल एक ‘फाइल निवडा’चं बटण. गाभा वेगळा काढा: एक फंक्शन, बाइट आत, युनिकोड बाहेर, न ओळखलेल्या बाइटांची यादी सोबत. त्यावर कमांड लाइन. ग्रंथालयातल्या लोकांना खिडकी लागली तर पुढे ब्राउझरमधलं साधं पान करता येईल. तेव्हा तेच नमुने जावास्क्रिप्टलाही लावता येतात.

पण तुमची जास्त चूक होणार आहे ती कन्व्हर्टरच्या आधी, आणि त्याबद्दल वर कोणी बोललं नाही. वर्डच्या फाइलमधून नुसता टेक्स्ट काढलात तर कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता हे हरवतं. मग मध्येच टाइम्स न्यू रोमनमध्ये टाकलेला इंग्रजी शब्द, वेबसाइटचा पत्ता, गणिती चिन्ह, सगळं मराठी समजून बदललं जातं. डीव्हीबी म्हणजे द्विभाषिक, त्यात खालच्या आस्की भागात इंग्रजी अक्षरं असतात म्हणून निदान तिथे नुकसान कमी. पण नुसता डीव्ही-टीटी आणि डीव्हीबी-टीटी यांना एकच तक्ता लावला की गोंधळ पक्का. फायलींत दोन्ही आहेत का, आधी बघा.

कृती अशी: लिबरऑफिस खिडकी न उघडता चालवून डॉकचं एफओडीटी करा. ही एकसंध एक्सएमएल फाइल असते, झिप नाही, त्यामुळे फरक काढणंही सोपं. त्यात प्रत्येक तुकड्याला शैली असते; शैलीत फॉन्ट नसेल तर पालक शैली, तिथेही नसेल तर परिच्छेदाची, शेवटी मूळ शैली. ही साखळी सोडवणारा कोड असिस्टंट छान लिहितो, इथे त्याला मोकळं सोडा. कारण रचना जाहीर आणि नीट लिहिलेली आहे, आणि चूक झाली तर लगेच दिसते. फॉन्टचं नाव तुलना करताना लहान-मोठी अक्षरं आणि मधल्या मोकळ्या जागा सारख्या करून घ्या.

पेजमेकरच्या फायली लिबरऑफिस ४.४पासून उघडतं. सगळ्या उघडतीलच असं नाही, आणि उघडल्या तरी मजकुराच्या चौकटींचा क्रम वाचनाचा क्रम असेल याची खात्री नाही. दोन स्तंभांची कविता आणि शेजारी जाहिरात असेल तर हाताने बघणं आलं.

खिळेजुळणी

सगळ्यांचे आभार. जुना प्रोग्राम कंटेनरमध्ये चालला. ‘ईष्र्या’ आणि ‘प्रिय’ची चूक मूळचीच आहे, ‘दर्या’ आणि ‘गणी’ पोर्टमध्ये आलेल्या. दोन्ही ‘स्वच्छता’च्या ओळी रफार यांनी सांगितल्या तशाच सापडल्या.

आता अडलंय ते असं. टेक्स्ट फायली सीपी-१२५२ (विंडोजची जुनी रोमन अक्षरांची संकेतावली) म्हणून वाचल्या तर मध्येच डिकोड एरर येतो, विशेषतः ९डी या बाइटवर. लॅटिन-१ या तशाच दुसऱ्या संकेतावलीत वाचल्या तर एरर नाही, पण वर्डमधून आलेल्या त्याच मजकुराशी तक्ता जुळत नाही. आणि काही वर्ड फायलींत अक्षरांचे युनिकोड अंक एफ०च्या घरातले आहेत. असिस्टंट प्रत्येक वेळी वेगळा उपाय सुचवतो.

काळी खिडकी

तिन्ही एकाच गोष्टीची रूपं आहेत. फॉन्टला फक्त ० ते २५५ हा क्रमांक ठाऊक. वाटेत प्रत्येक प्रोग्रामने तो आपापल्या परीने युनिकोड केला.

सीपी-१२५२मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. पायथन तिथे एरर देतं, ब्राउझर देत नाहीत. पण फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या जागांवरही अक्षरं बसवलेली असू शकतात. लॅटिन-१ने वाचलं की ८० ते ९एफ हे सगळे नियंत्रण-अक्षरांच्या जागी जातात, तर वर्डने ९२ या बाइटचं यू+२०१९, म्हणजे उजवं अवतरणचिन्ह, करून ठेवलेलं असतं. आणि फॉन्ट चिन्हांचा फॉन्ट म्हणून नोंदलेला असेल तर वर्ड त्याचे अंक यू+एफ०२० ते यू+एफ०एफएफ या खासगी भागात टाकतं.

म्हणून तक्त्याच्या आधी एकच फंक्शन ठेवा, जे काहीही आलं तरी ० ते २५५मधला क्रमांक परत देतं. अंक २५६पेक्षा लहान असेल तर तोच. सीपी-१२५२च्या वरच्या २७ अक्षरांपैकी असेल तर त्याचा मूळ बाइट. एफ०००च्या घरात असेल तर शेवटचे दोन हेक्स अंक. यातलं काहीच नसेल तर थांबा आणि फाइलचं नाव, ओळ आणि अंक छापा, गिळू नका. टेक्स्ट फायली लॅटिन-१ने वाचा, हेच फंक्शन लावा, तक्ता फक्त बाइटांशी बोलू द्या. असिस्टंट दर वेळी नवा उपाय देतो कारण त्याला एका वेळी एकच फाइल दाखवली जाते. तिन्ही प्रकारचे एकाच शब्दाचे तुकडे, हेक्समध्ये, एकत्र द्या.

एक अपवाद: पेजमेकर मॅकवर चालवलेला असेल तर बाइट मॅक रोमन या मॅकच्या जुन्या संकेतावलीचे असतील. त्या फायली वेगळ्या ठेवा.

तक्त्यात नसलेला बाइट सापडला तर असिस्टंटला ‘हा कोणता असेल’ असं विचारू नका. तो उत्तर देईल. फॉन्टफोर्ज या फॉन्ट-संपादकात फॉन्ट उघडा, त्या क्रमांकाच्या खिडकीत काय काढलंय ते डोळ्यांनी बघा, तक्त्यात ओळ घाला आणि टिपेत फॉन्टची आवृत्ती लिहा.

गावकूस

लायसनबद्दल थोडक्यात. ‘आवृत्ती २ किंवा त्यानंतरची’ हे शब्द प्रत्येक फाइलच्या डोक्यावर आहेत का ते पाहा. काही फायलींत नुसतं ‘आवृत्ती २’ असू शकतं. ‘किंवा त्यानंतरची’ असेल तर आवृत्ती ३ निवडून अपाचे २.० लायसनची लायब्ररी सोबत घेता येते; नुसत्या आवृत्ती २ला ती चालत नाही. जुन्या मथळ्यातलं लेखकाचं नाव आणि वर्ष काढायचं नाही, खाली तुमची ओळ वाढवायची. असिस्टंट फाइल नव्याने लिहितो तेव्हा हे मथळे बऱ्याचदा उडतात, तेव्हा तेही तपासणीत घाला. सगळा कोड जावास्क्रिप्टमध्ये करवून घेतला तरी तो या कोडवरून केलेला आहे, म्हणून जीपीएलच.

तक्ते कुठून आले ते महत्त्वाचं. असिस्टंटने दुसऱ्या प्रकल्पातला तक्ता आणून चिकटवला आणि त्याला लायसनच नसेल, तर वापरायची परवानगी नाही असं धरायचं. फॉन्टकडे बघून तुम्ही स्वतः भरलेली ओळ सुरक्षित.

फोर्कला (मूळ कोडवरून निघालेल्या तुमच्या प्रतीला) नवं नाव द्या आणि वाचा-फाइलमध्ये जुन्याचं नाव, शेवटची मूळ आवृत्ती आणि असिस्टंट वापरल्याचं स्पष्ट लिहा. पुढे कोणाला तो एखाद्या लिनक्स वितरणात घालावासा वाटला तर हे विचारलं जातं. गेन्टू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४पासून एआयने लिहिलेलं योगदान घेणं बंद केलं आहे. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारात तेच जुनं नाव हवं असेल तर सोडून दिलेल्या नावांसाठी पेप ५४१ची रीत आहे, पण वेळ लागतो. मूळ झिप सॉफ्टवेअर हेरिटेज या सोर्स कोडच्या संग्रहात आहे का बघा. गूगल कोड जानेवारी २०१६मध्ये बंद झालं तेव्हाचं बरंच काही तिथे जतन आहे, आणि इतिहासासकट प्रत मिळाली तर तक्त्यात कुठली ओळ कधी आणि का बदलली हेही कळेल.

मुद्रितशोधक

तपासणीची रीत सुचवतो. सगळी पानं वाचणं शक्य नाही, म्हणून आउटपुटमधून वेगळ्या शब्दांची यादी काढा, वारंवारितेसह, आणि दोन याद्या आधी पाहा.

पहिली, जे मराठीत होऊच शकत नाही ते: शब्दाच्या सुरुवातीला मात्रा किंवा अनुस्वार, सलग दोन मात्रा, काना-मात्रेनंतर लगेच हलन्त, शब्दाच्या मध्ये रोमन चिन्ह. हे शोधणारी स्क्रिप्ट असिस्टंट पाच मिनिटांत देतो. दुसरी, ‘ष्र्’, ‘त्र्य’, ‘र्य’, ‘र्ह’ असलेले शब्द. यात बरोबरही असतात, त्र्यंबक, सूर्य, गर्हणीय. म्हणून यंत्राने बदलायचे नाहीत, माणसाने टिक करायचे. हे शब्द दर अंकाला मोजकेच निघतात.

शब्दकोशाशी ताडून आपोआप दुरुस्ती मात्र लावू नका, असिस्टंटने सुचवली तरी. जुन्या साप्ताहिकांत मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी मजकूर असतो, आडनावं आणि गावांची नावं असतात, शिवाय त्या काळच्या छपाईच्या चुका. त्या छापल्या तशा राहिल्या पाहिजेत.

उलट फिरवून बघायची टेस्ट, म्हणजे युनिकोड परत जुन्या फॉन्टमध्ये, बाइटला बाइट जुळणार नाही, कारण एकाच वेलांटीची अनेक रूपं आहेत. युनिकोडपासून निघून फॉन्टमार्गे युनिकोडलाच परतणं, एवढंच जुळवा.

आणि प्रत्येक रूपांतरित फाइलशेजारी मूळ फाइल, कन्व्हर्टरच्या कमिटचा क्रमांक आणि न ओळखलेल्या बाइटांची यादी ठेवा. तक्त्यात उद्या एक ओळ सुधारली की तो बाइट कुठल्या फायलींत होता ते या यादीतून कळतं, आणि तेवढ्याच फायली परत चालवाव्या लागतात.